तीन रात्रींचे परवाने

मिरज स्टेशनात गाडीत बसलो तेव्हा माझ्या कोटाच्या आतल्या खिशात तीन कागद होते. ते जागेवर आहेत ना, हे मी ताकारी येईपर्यंत चार वेळा चाचपून पाहिलं. एक कासच्या बंगल्याचा परवाना, दुसरा बामणोलीचा, तिसरा तापोळ्याचा. तीन रात्री, तीन बंगले, आणि तारखा एकापाठोपाठ एक. समोरच्या बाकावर एक वखारवाले गृहस्थ होते. त्यांनी विचारलं, "कोर्टाचं काम का?" मी म्हटलं, "नाही, डोंगरात पायी हिंडायला चाललोय." त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि तोंडावर उपरणं ओढून झोपून टाकलं.

त्यांना काय कल्पना, त्या तीन कागदांपायी मी केवढे हेलपाटे घातले होते! साताऱ्याहून कास, तिथून खाली बामणोली, मग नदीकाठाने तापोळा आणि शेवटी चढून महाबळेश्वर, ही वाट अलीकडे फारच लोकप्रिय झाली आहे. लढाई संपल्यापासून तर नाताळच्या सुटीत तिथल्या बंगल्यांवर नुसत्या उड्या पडतात. पुण्याचे कॉलेजातले, मुंबईचे वकील, रजेवरचे लष्करी अंमलदार, सगळ्यांना तेच आठ दिवस हवे असतात. बंगल्यात खोल्या दोन, आणि त्यातली एक कोणी साहेब फिरतीवर आला तर त्याच्यासाठी कायम कुलपात. त्यात आम्ही सांगलीचे, म्हणजे संस्थानातले. तिन्ही बंगले इंग्रजी मुलखात आणि तीन वेगवेगळ्या खात्यांचे. एकाचा अर्ज एका कचेरीत, दुसऱ्याचा दुसरीकडे.

मी गणपती उठल्याबरोबर लिहायला सुरुवात केली. पहिला अर्ज परत आला, कारण सोबत हेडमास्तरांचा दाखला नव्हता. दाखला जोडून पाठवला, तर कास आणि तापोळा मिळाला पण बामणोलीची तारीख गेलेली. तारखा पुढे सरकवल्या, तर बामणोली मिळाली आणि तापोळा गेला. दिवाळीच्या सुटीत मी स्वतःच साताऱ्याला जाऊन बसलो. एका कचेरीतल्या वयस्क कारकुनांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "संस्थानातून येऊन आमच्या डोंगरात कशाला हिंडायचंय तुम्हाला?" त्यांचंही चुकत नव्हतं. बेचाळीसच्या धामधुमीत याच डोंगरांनी किती जणांना लपवलं होतं, आणि तो संशय अजून कचेऱ्यांच्या भिंतींतून गेला नव्हता. मी म्हटलं, "मी शिक्षक आहे. बरोबरचा माझा मित्र लष्करातला आहे. त्याच्या पायाला इजा आहे म्हणून रोजची मजल लहान हवी आणि रात्री छप्पर हवं." तेव्हा ते जरा निवळले. "अहो मास्तर," ते म्हणाले, "ओळीने तीन रात्री मागता. तीन सासवांची एकाच दिवशी मर्जी सांभाळायची म्हणजे काय, लग्न झालंय ना तुमचं?" पण त्यांनी वही काढली आणि माझ्यासमोर नाव घातलं. शेवटचा परवाना निघायच्या नऊ दिवस आधी हाती आला. त्या दिवशी घरी मी सगळ्यांना पेढे वाटले. बायको म्हणाली, "मॅट्रिक पास झालात तेव्हा तरी वाटले होते का?"

हे सगळं आधी सांगितलं, कारण पुढे जे मी केलं त्याचं मूळ यात आहे. समर्थन मात्र त्यात नाही.

माझा तो लष्करातला मित्र यशवंता वाटेत गाडीत चढणार नव्हता, सातारारोडला फलाटावरच भेटणार होता. तो कोरेगावजवळच्या एका वाडीचा. आत्याकडे राहून सांगलीच्या हायस्कुलात शिकायला आला होता, आणि चार वर्षं आम्ही एका बाकावर बसलो. मी मास्तर झालो, तो पलटणीत गेला. आफ्रिकेच्या वाळवंटात पकडला जाऊन इटलीत कैदेत पडला. इटली पडल्यावर छावणीचे दरवाजे उघडले तेव्हा काही जणांबरोबर उत्तरेला चालत सुटला आणि बर्फाचे डोंगर ओलांडून स्विस मुलखात पोचला. त्या चालीत त्याच्या डाव्या पायाची दोन बोटं गारठून गेली. फलाटावर तो उभा होता तो खाकी ओव्हरकोट घालून, खांद्यावर वळकटी, हातात वेळूची काठी. मला पाहून म्हणाला, "शिरधर, पोट सुटलं की रं तुजं!" दहा वर्षांनी पहिलं वाक्य हे.

सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालणारी. मागे भट्टी, आत धूर. चढ आला की उतारू खाली उतरायचे. साताऱ्याला पोचलो तेव्हा आम्हा दोघांची तोंडं लोहारासारखी झाली होती. चावडीजवळच्या एका खाणावळीत जेवलो. साखर रेशनवर असल्यामुळे चहात गूळ. पीठ, डाळ, रॉकेलची बाटली आम्ही बरोबरच घेतली होती.

दुसऱ्या दिवशी यवतेश्वरचा घाट छकड्यातून चढलो आणि वर आल्यावर पायी निघालो. कासच्या तळ्यातून साताऱ्याला पाणी आणणारा पाट कुठे कुठे वाटेच्या सोबतीने वाहतो. वर सडा (खडकाळ सपाट माळ) लागला. पावसाळ्यानंतर इथे फुलांचे गालिचे असतात म्हणे. आम्हाला मिळालं ते वाळलेलं सोनेरी गवत, त्यावरून सळसळत जाणारा वारा आणि दोन्ही बाजूंना खोल निळ्या दऱ्या. यशवंता लंगडत नव्हता, पण उतार आला की काठी घट्ट धरायचा. मी विचारलं, "दुखतंय का?" तो म्हणाला, "न्हाई. जी बोटं न्हाईत तीच लय दुकत्यात. तेला काय करायचं?"

कासचा बंगला तळ्याच्या काठी, झाडीत. रखवालदाराने परवाना उलटसुलट पाहिला, वहीत नावं लिहून घेतली आणि खोली उघडली. त्याच्या बायकोने नाचणीच्या भाकरी आणि झणझणीत पिठलं करून दिलं. व्हरांड्यात बसून जेवताना सूर्य तळ्यात उतरत होता. मी खुशीत होतो. म्हटलं, "बघ, सगळं कसं वेळेवर. आता उद्या बामणोली, परवा तापोळा. कुठे अडायचं कारण नाही."

"तिकडं त्या डोंगरात बी असंच हाय," यशवंता म्हणाला. "दर मजलेला एक खोपी (झोपडी). दगडाची, वर लाकडाचं छप्पर. चूल, सरपान, घोंगड्या. आमी गेलो तवा बर्फ पडत हुतं. सा-सात जन आंत आदीच दाटीवाटीनं झोपल्याली. कोन, कुठली, काय बी ठावं न्हाई. आमी पाच जन दारात उबं. त्यातल्या एका म्हाताऱ्यानं नुसतं आमच्याकडं बगितलं, आन् सगळ्यास्नी कायतरी म्हनला."

"काय म्हणाला?"

"ती भाषा कुनाला येती? पन समदी सरकली." तो हसला. "त्या राती भायेर ऱ्हायलो असतो तर दोन बोटांवर भागलं नसतं."

मी म्हटलं, "तिकडे परवाना लागत नाही वाटतं?" आणि आपल्याच विनोदावर हसलो.

दुसऱ्या दिवशी बामणोलीची उतरण. झाडी दाट, वाट ओढ्यांमधून जाणारी, आणि वाळलेल्या पाचोळ्यावरून पाय घसरणारा. दुपारी एका गवळ्याच्या वाडीत थांबलो. त्याने लोटाभर ताक दिलं आणि पैसे घेतले नाहीत. "ताकाचं पैसं घेतलं तर म्हस आटती," म्हणाला. तिथून निघायला उशीर झाला आणि मधल्या एका फाट्यावर मी वाट चुकवली. यशवंता डावी म्हणत होता, मी उजवी. तास-दीड तास काट्यांत गेला. खाली दरीत भाताची कापलेली खाचरं आणि नदीचं पाणी दिसलं तेव्हा ऊन डोंगरामागे गेलं होतं. थंडी अशी झपाट्याने उतरली की बोलताना तोंडातून वाफ यायला लागली. माझी टाच सोलवटली होती. पोटात भूक, अंगात शिणवटा, आणि डोळ्यांसमोर फक्त एक गोष्ट: बंगल्यातली खोली, दार लावून घेतलेली, आणि त्यातली गादी.

बंगल्याच्या व्हरांड्यात चार माणसं भिंतीला टेकून बसली होती. त्यांच्याशेजारी एक लांब वेळू आणि घोंगडीची मोकळी झालेली झोळी. आमच्या खोलीचं दार उघडं, आत कंदील. रखवालदार धावत आला. चाळिशीचा, किडकिडीत माणूस.

"सायेब, जरा अडचन झाली. पलीकडल्या अंगाच्या वाडीचा मानूस हाय. काल हिरडा गोळा करताना अस्वलानं फोडला त्येला. साताऱ्याच्या दवाखान्यात न्येत्यात. नदी उतरून हितवर येस्तवर अंधार पडाय लागला. म्या म्हनलं, तुमी येईस्तवर घटकाभर आंत असूद्या."

मी आत डोकावलो. खाटेवर एक माणूस उताणा पडला होता. अर्धं तोंड आणि खांदा हळदीने माखलेल्या फडक्यांत गुंडाळलेलं. फडकी भिजून काळी पडली होती. उशाशी त्याची बायको बसली होती. तिने मला पाहिलं आणि उठून उभी राहिली. खोलीत रक्ताचा आणि पाल्याच्या लेपाचा वास कोंडला होता. ज्या गादीचा मी दिवसभर विचार करत आलो, ती त्याच्या अंगाखाली होती.

"दुसरी खोली?" मी विचारलं.

"ती सायेबांची. किल्ली हाय माज्याकडं, पन ती उगडली आन् कोन आलं, तर माजी नोकरी जाती."

यशवंता माझ्या मागून आत आला. त्याने खाली वाकून त्या माणसाच्या कपाळाला हात लावला. "नाव काय ह्येचं?"

"भिकू," बायको म्हणाली.

"शिरधर, आपुन हितं खाली पडू. एका अंगाला. न्हाईतर व्हरांड्यात," यशवंता म्हणाला. "जरा सरकू की."

आणि मी खिशातला कागद काढला.

मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. विसरता आलं असतं तर बरं होतं. परवान्याच्या पाठीवर छापलेल्या अटी मी कंदिलाजवळ धरून मोठ्याने वाचल्या. परवानाधारकाखेरीज इतरांस खोलीत राहू देऊ नये. सामानाची खराबी झाल्यास परवानाधारक जबाबदार. मी म्हणालो, "गादीवर डाग पडलेत, ते आमच्या नावावर लागणार. पुढचे परवाने रद्द होतील. तीन महिने खपून मिळवलेत मी." यशवंता म्हणाला, "आरं, मानूस हाय." मी म्हणालो, "आहे ना, मग देऊळ आहे, चावडी आहे. त्यांची सोय होईल. आपली दुसरी सोय नाही." रखवालदार घुटमळत उभा होता. त्याला मी म्हटलं, "तुमचं नाव काय? मला वर कळवावं लागेल."

त्याने नाव सांगितलं नाही. खाली मान घालून तो त्या चौघांकडे गेला. कोणी वाद घातला नाही. त्यांत भिकूचा थोरला भाऊ होता, धोंडू. तो आत आला आणि हात जोडून मलाच म्हणाला, "चुकलं सायेब. आमाला ठावं नव्हतं." त्यांनी भिकूला उचललं तेव्हा तो कण्हला. बायकोने जाता जाता पदराने गादी पुसायचा प्रयत्न केला. डाग होता तसाच राहिला.

गावाबाहेर ओढ्याच्या अंगाला भैरोबाचं देऊळ आहे. पुढचा सभामंडप तिन्ही बाजूंनी उघडा. तिकडे ते गेले. यशवंताने आपली वळकटी उचलली, माझ्या वळकटीतलं जाड कांबळं काढलं आणि विचारलं, "ह्ये न्येऊ?" मी हो म्हणून मान हलवली. तो त्यांच्यामागे गेला. मला वाटलं, कांबळं देऊन परत येईल. तो आला नाही. मी दार लावलं, गादी उलटी केली आणि झोपलो. झोप चांगली लागली, हेही लिहून ठेवायला हवं.

सकाळी बाहेर आलो तर नदीवर धुकं दाटलं होतं आणि गवतावर दहिवर. देवळापुढे शेकोटी विझत आली होती. भिकू झोळीत होता. रात्रभर थंडीने त्याचे दात वाजत होते, आणि यशवंताने आपला ओव्हरकोट त्याला घातला होता. भोयांपैकी एकाचा पाय नदी उतरताना दगडाने चिरला होता. तो आता इतका सुजला होता की जमिनीला टेकवत नव्हता. वेळूच्या एका टोकाला माणूस कमी पडत होता. यशवंता पायजम्याचे पाय वर दुमडत होता.

"तू कुठे?" मी विचारलं.

"कासपातूर. तिथं बैलगाडी मिळंल. निस्ता चढ तेवडा हाय."

"तुझा पाय?"

"बगू." मग तो माझ्याकडे वळला. आवाजात राग नव्हता, हे मला आजही पटवून द्यावंसं वाटतं. "येतोस काय? आळीपाळीनं खांदा दिला तर जड न्हाई."

कालच्या संध्याकाळचं खापर मी थकव्यावर फोडू शकतो. भुकेवर, सोललेल्या टाचेवर. पण या वेळी मी ताजातवाना होतो. अंघोळ झाली होती, चहा झाला होता. समोर माझा मित्र, दोन बोटं गेलेला पाय घेऊन, पाच कोसांचा चढ माणूस खांद्यावर घेऊन चढायला निघाला होता आणि मला फक्त सोबत मागत होता. मी म्हणालो, "आज तापोळ्याची तारीख आहे रे. आज नाही पोचलो तर ती गेली. मग महाबळेश्वरचंही सगळं विसकटेल."

"बरं," यशवंता म्हणाला.

त्याने खांद्यावर फडकं ठेवलं आणि वेळू उचलला. भिकूची बायको माझं कांबळं घडी करून हातात घेऊन उभी होती. ते तिने माझ्यापुढे धरलं. मी घेतलं.

तापोळ्याची वाट फार सुंदर आहे. दोन्हीकडे डोंगर, मध्ये नदी, काठाने भाताची खाचरं आणि त्यांत हिरवे वाल. एका ठिकाणी नदीच्या पात्रात शेकडो पांढरे बगळे बसले होते. मी हे सगळं पाहिलं, आणि प्रत्येक वळणावर मागे वळून पाहिलं. डोंगराच्या सोंडेवरून चढणारी माणसं इथून दिसणं शक्य नव्हतं, तरी पाहिलं. दुपारी एक म्हातारी शेंगा विकायला बसली होती. तिने विचारलं, "येकलंच?" मी म्हटलं, "मित्र मागे आहे." ती म्हणाली, "मग थांबा की. सोबत सोडू नये डोंगरात."

तापोळ्याच्या बंगल्यात वहीत दोन नावं आधीच लिहून आली होती. रखवालदाराने विचारलं, "दुसरं?" मी म्हटलं, "येणार नाहीत." त्याने यशवंताच्या नावावर काट मारली. दोन खाटा तयार होत्या, दोन तांबे, दोन पाट. नदीतले मासे आणि तांदळाची भाकरी असं बेताचं पण चांगलं जेवण होतं. अर्धं मी ताटात तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी महाबळेश्वरचा चढ. वर हवा बोचरी, हॉटेलं निम्मी बंद, बाजारात मध आणि चपला. एका पारशी कुटुंबाने मला पायी आलेला पाहून कौतुकाने विचारलं, "तापोळ्याचा बंगला मळ्यो कसा? आमी दोन वरस ट्राय करते." मी त्यांना सगळी माहिती दिली, कुठल्या कचेरीत, किती आठवडे आधी, कोणता दाखला. बोलताना मला माझाच आवाज परका वाटत होता. त्याच दिवशी वाईमार्गे मोटारीने खाली उतरलो. साताऱ्यात दवाखान्यात चौकशी करावी असं मनात आलं, पण मोटार थेट सातारारोडला गाडी गाठून देणारी होती. मी उतरलो नाही. हा तिसरा प्रसंग. माणसाला दुसरी संधी मिळत नाही म्हणतात. मला तर तिसरीही मिळाली होती.

सांगलीला आल्यावर यशवंताला पत्र टाकलं. उत्तर नाही. दुसरं टाकलं. माघ संपता संपता त्याच्या धाकट्या भावाचं कार्ड आलं: दादाचा पाय चिघळला, पुण्याला लष्करी इस्पितळात दीड महिना होता, अर्धा पंजा काढला, आता घरी आहे.

मी त्याच रविवारी कोरेगावला गेलो. वाडी स्टेशनापासून दीड कोस. शेतात उसाला पाणी चाललं होतं आणि यशवंता बांधावर बाजेवर बसून भावाला दारं मोडायला (पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायला) ओरडून सांगत होता. पायावर धोतराचं फडकं टाकलेलं. मला पाहून खरोखर आनंदला. "ये ये! आगं आये, शिरधर आलाय!" मी त्याच्या पायाकडे पाहिलं. तोच म्हणाला, "कासच्या अलीकडं ठेच लागली. आदीचीच जखम, उगडली. नशीब."

"आणि तो, भिकू?"

"जित्ता हाय. एक डोळा गेला. हात वर हुत न्हाई. पन जित्ता हाय."

त्याच्या आईने भाकरी, वांग्याचं भरीत आणि वाटीभर मध समोर ठेवला. जांभळ्या रंगाचा, दाट. "खा मास्तर," ती म्हणाली. "त्यो मानूस शिवरातीला कोयनेपास्नं चालत आला, ह्यो मध घिऊन. माज्या पाया पडला. मी म्हनलं, माज्या काय पडतुयास, ज्यांनी उचलला त्यांच्या पड." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "यशवंतानं समदं सांगितलंया. तुमीबी खांदा दिलासा. शिकल्याली मानसं, सवय न्हाई वज्याची. लय पुन्य केलंत दोगांनी."

मी यशवंताकडे पाहिलं. तो उसाकडे पाहत होता. भावाला म्हणाला, "आरं, तिकडलं फुटलं बग पानी."

तोंडात घास होता. तो गिळून मला एवढंच म्हणायचं होतं की, मी खांदा दिला नाही, मावशी. मी त्यांना खोलीतून काढलं आणि सकाळी पुढे निघून गेलो. एवढी दोन वाक्यं. मी मध खाल्ला आणि म्हणालो, "फार चांगला आहे."

निघताना यशवंता काठीवर रेलून बांधाच्या टोकापर्यंत आला. मी विचारलं, "असं का सांगितलंस त्यांना?"

"मग काय सांगू?" तो म्हणाला. "तुजं नाव तिला लानपनापास्नं ठावं हाय."

त्यानंतर मी बोलून गेलो, पुढच्या वर्षी बैलगाडीतून जाऊ, मी सगळे परवाने काढतो. त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. "तू जा गड्या," म्हणाला. "तुला आवडतं."

त्याची आई मागच्या चैत्रात वारली. तिला खरं सांगायचं राहून गेलं. यशवंता अजूनही माझ्या पत्रांना उत्तर देतो. पिकाबद्दल, भावाच्या लग्नाबद्दल, पावसाबद्दल. डोंगराचा विषय तो काढत नाही आणि मीही काढत नाही. लंगडत का होईना, एका गावच्या शाळेत तो आता मुलांना कवायत शिकवतो, असं भावाकडून कळलं.

मी पुन्हा त्या वाटेने गेलो नाही. पण सांगलीत कोणाला त्या बंगल्यांचे परवाने हवे असले की लोक माझ्याकडे येतात. दसरा झाला की सुरुवात होते. मी त्यांना बसवतो, चहा देतो, अर्ज लिहून देतो. कोणत्या खात्याला आधी लिहायचं, तारखा कशा जुळवायच्या, दाखला कोणाचा, सगळं सांगतो. हे काम मला नीट येतं. शेवटी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगतो: वाटेत कोणी अडलेलं भेटलं, तर पुढचे बंगले सोडून द्या, मागे फिरा. ते लगेच म्हणतात, "अहो, अर्थातच! त्यात काय सांगायचं?"

निघण्याआधी मला कोणी विचारलं असतं, तर मीही अगदी तेच म्हणालो असतो.